दारातला टोमॅटो का दगावतो?

कोल्हारसारख्या गावात टोमॅटो लावावाच लागतो असं नाही. ताटवाट्या विसळताना चार बिया मोरीच्या पाण्याबरोबर परड्यात जातात आणि पंधरा दिवसांत लवदार, उग्र वासाची रोपटी आपली आपण वर येतात. कुणीतरी त्यांतलं एखादं राखतं, काठी रोवून सुतळीनं बांधतं. रोप कमरेएवढं होतं, पिवळी फुलं धरतं, हिरवी फळं लोंबू लागतात. मग एका आठवड्यात शेंडा आखडतो, किंवा खालची पानं करपत वर चढतात, किंवा सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि पुन्हा उचलत नाही. घरातलं माणूस म्हणतं, ‘रोग पडला.’ कोणता रोग, कुठून आला, हे विचारायच्या आत झाड उपटून उकिरड्यावर गेलेलं असतं.

या प्रश्नाकडे कुणी फारसं गंभीरपणे पाहत नाही. एकरभर टोमॅटो गेला तर बातमी होते, पंचनाम्याची मागणी होते. दारातली चार झाडं गेली तर हळहळीपलीकडे काही होत नाही. पण रोगाला ही दोन्ही झाडं सारखीच. मावा, पांढरी माशी, वारा आणि पाणी शेताचा बांध मानत नाहीत, तसं घराचं कुंपणही मानत नाहीत. घरच्या टोमॅटोचं दुखणं समजून घ्यायचं तर आधी कुंपणाबाहेर पाहावं लागतं.

कोल्हार नगर–मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी वसलेलं आहे. भगवतीमातेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं हे गाव राहाता तालुक्यात येतं आणि नदीपलीकडचं कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या कालव्यांनी खालच्या पट्ट्यात ऊस आणला आणि शेजारच्या लोणीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. याच नदीच्या वरच्या अंगाला अकोले आणि संगमनेर हे दोन तालुके टोमॅटोचे. तिथे उन्हाळी लागवडही मोठी होते. म्हणजे कोल्हारच्या दारातलं रोप एका मोठ्या टोमॅटो पट्ट्याच्या खालच्या टोकाला उभं आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात जे घडलं, ते घरच्या बागेसाठीही सगळ्यात मोठा धडा आहे. टाळेबंदीचे दिवस होते. एप्रिल-मेमध्ये अकोले, संगमनेर, पलीकडे जुन्नर, नाशिक आणि सातारा भागातल्या शेतकऱ्यांना विचित्र फळं दिसू लागली. टोमॅटो एकसारखा लाल होईना. एकाच फळावर लाल, पिवळे आणि हिरवट पट्टे, कापल्यावर आत काळपट आणि कडक गर. व्यापारी माल उचलेनात. रंगांवरून कुणीतरी ‘तिरंगा व्हायरस’ असं नाव दिलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. करोनाची भीती आधीच मनात होती. त्यात हा विषाणू माणसालाही घातक आहे अशी अफवा उठली आणि ज्यांची फळं निरोगी होती त्यांच्याही मालाकडे लोक संशयानं पाहू लागले. वनस्पतींचे विषाणू माणसाला आजार देत नाहीत, हे शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तपासात प्रमुख म्हणून सापडला तो काकडीवरचा मोझॅक विषाणू, ज्याला शेतकरी आता सरळ ‘सीएमव्ही’ म्हणतात. जोडीला इतर विषाणूही होते. हा विषाणू नवा नव्हता. अमेरिकेत काकडीवर त्याचं वर्णन १९१६ सालीच झालं होतं. हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तो जगतो : काकडी, भोपळा, मिरची, केळी, शिवाय बांधावरची कितीतरी तणं. २०२० च्याच पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या केळीबागांमध्ये याच विषाणूनं थैमान घातलं. तिथे त्याचं नाव ‘हरण्या’. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यातही राज्यातल्या टोमॅटो उत्पादकांनी याच विषाणूकडे बोट दाखवलं आणि त्या जुलैत शहरांतल्या ग्राहकांनी किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेलेला टोमॅटो पाहिला.

घरच्या बागेला यातून काय घ्यायचं? हा विषाणू पसरवतो मावा, आणि तोही विलक्षण झपाट्यानं. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांत मावा विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर बसताच तितक्याच झटपट तो तिथे सोडतो. कीटकनाशकानं मावा मरायच्या आत काम झालेलं असतं. म्हणून दारात टोमॅटोशेजारी काकडीचा वेल, त्याला लागून मिरची, कोपऱ्यात केळीचं खोड ही आपल्याकडची नेहमीची मांडणी दिसायला छान असली तरी या विषाणूसाठी ती सलग पंगत आहे. केळ किंवा वेल उपटून टाकावा असं कुणी म्हणणार नाही, पण टोमॅटो परड्याच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो. मोठ्या शेतात टोमॅटोभोवती मक्याच्या चार-पाच ओळी लावायला सांगतात. बाहेरून येणारा मावा आधी मक्यावर टेकतो, तिथे सोंड पुसली जाते आणि टोमॅटोपर्यंत पोचेतो त्याच्यापाशी विषाणू उरत नाही. घराच्या कडेला मक्याची वीस-पंचवीस ताटं लावणं अवघड नाही, आणि कणसं मिळतात ती वेगळीच.

दुसरा विषाणूजन्य रोग तर घरोघरी माहीत असलेला : बोकड्या, पुस्तकी नाव पर्णगुच्छ. शेंड्याची पानं वाटीसारखी वळतात, बारीक होतात, झाड खुरटतं, फुलं गळतात. तो पांढरी माशी आणते. मावा सीएमव्ही जसा घेतला तसा टाकून मोकळा होतो. पांढऱ्या माशीचं तसं नाही. एकदा बोकड्याचा विषाणू तिच्या अंगात शिरला की ती बहुधा मरेपर्यंत तो वाटत फिरते. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत तिची पैदास वाढते, म्हणून फेब्रुवारीनंतर लावलेल्या रोपांवर बोकड्या जास्त. लागवडीनंतर पहिल्या महिनाभरात रोग आला तर त्या झाडाकडून फळाची आशा धरू नये. हे ऐकायला कठोर वाटतं, पण याच ठिकाणी घरचे लोक सगळ्यात मोठी चूक करतात. आखडलेलं झाड मायेनं राखलं जातं, त्याला खत घातलं जातं, ‘बघू, फुटेल’ म्हणत महिना काढला जातो. त्या महिन्यात ते झाड शेजारच्या सगळ्या रोपांना विषाणू पुरवत राहतं.

ऊसपट्ट्यातल्या गावांत मात्र आखडलेलं प्रत्येक पान बोकड्याचं नसतं, आणि ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. उसातलं रुंद पानाचं तण मारायला ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक सर्रास वापरतात. ऊस गवतकुळातला, त्याला ते सोसतं. टोमॅटो, द्राक्ष आणि कपाशी त्या औषधाला कमालीची हळवी. दुपारच्या वाऱ्यात शेजारच्या फडावर फवारणी झाली तर अंगावर आलेल्या बारीक तुषारांनीही टोमॅटोची पानं पिळवटतात, अरुंद होतात, देठ वेडेवाकडे वाकतात. पाहणाऱ्याला तो थेट विषाणू वाटतो. फरक ओळखायची एक खूण आहे. तणनाशकाचा फटका बसला तर वाऱ्याच्या दिशेची सगळी झाडं जवळपास एकाच वेळी बिघडतात, टोमॅटोबरोबर मिरची आणि घेवडाही वाकडा होतो. विषाणू एकेका झाडापासून सुरू होऊन पसरत जातो. तणनाशकाचा ताण हलका असेल तर नवी पानं पुन्हा नीट येऊ लागतात, विषाणू लागलेलं झाड तसं सावरत नाही. आणखी एक गोष्ट : तणनाशकाला वापरलेला पाठीवरचा पंप कितीही धुतला तरी त्यानं टोमॅटोवर काही फवारू नये. नळीत राहिलेला अंश पुरेसा असतो.

मान टाकणाऱ्या झाडाचंही असंच. गावात त्याला ‘मर’ हा एकच शब्द आहे, पण मर किमान दोन जातींची. बुरशीची मर हळूहळू येते. खालची पानं पिवळी पडतात, कधी झाडाच्या एकाच अंगाची, आणि खोड उभं चिरलं तर सालीखाली तपकिरी रेघा दिसतात. जिवाणूची मर झपाट्यानं येते, झाड हिरवंगार असतानाच कोमेजतं. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बुडाजवळच्या खोडाचा बोटभर तुकडा कापायचा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ दोरे खाली उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्याच जागी पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची किंवा बटाटा लावला तर पुन्हा तेच, कारण ही चारही एकाच कुळातली. टोमॅटोचं जुनं मराठी नाव बेलवांगी, त्या नावातच हे नातं आहे. आळूची किंवा मेथीची जागा टोमॅटोला आणि टोमॅटोची त्यांना, अशी अदलाबदल परड्यातही करावी.

मूळ उपटल्यावर त्यावर गाठी दिसल्या तर प्रकार तिसराच : सूत्रकृमी. झेंडू लावल्यानं त्यांचा जोर कमी होतो, आणि दसरा-दिवाळीच्या या फुलाला कोल्हार परिसरात वेगळी शिफारस लागत नाही.

करपा हा त्या मानानं समजण्यासारखा रोग. लवकर येणाऱ्या करप्याचे डाग नीट पाहिले तर त्यांत एकात एक वलयं दिसतात, लाकडाच्या कापलेल्या ओंडक्यासारखी. सुरुवात नेहमी जमिनीलगतच्या पानांपासून होते, कारण बुरशी मातीतल्या जुन्या पाल्यापाचोळ्यात असते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानावर उडते. उशिरा येणारा करपा थंड आणि ढगाळ, दमट हवेतला. प्रवरेचं खोरं पर्जन्यछायेत असल्यानं एरवी तो इथे क्वचित. पण हिवाळ्यात अवकाळी पाऊस आणि धुकं आलं की चार दिवसांत हिरवं झाड भाजल्यासारखं काळं पडतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक नासवून दहा लाखांच्या आसपास माणसांचा जीव घेणाऱ्या दुष्काळामागे हाच रोगकारक होता. त्याचे बीजाणू वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात.

घरच्या टोमॅटोचा या रोगाशी संबंध किती मोठा होऊ शकतो, ते २००९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात दिसलं. मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या टोमॅटोच्या रोपांबरोबर हा करपा हजारो घरांच्या अंगणांत पोचला. उन्हाळा थंड आणि पावसाळी निघाला. घरच्या वाफ्यांतून बीजाणू उडाले ते व्यावसायिक शेतांवर, आणि त्या हंगामात शेतकऱ्यांचे टोमॅटो आणि बटाटे दोन्ही गेले. शेतातून घराकडे येणारी वाट घरातून शेताकडेही जाते. कोल्हारच्या आठवडे बाजारात रोपांच्या जुड्या घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. जुडीतलं एक रोप आखडलेलं किंवा डागाळलेलं दिसलं तर पूर्ण जुडी नाकारावी. त्याहून चांगलं म्हणजे रोपं घरी करावीत. गादीवाफा किंवा ट्रे, विरळ बी, बेताचं पाणी आणि वर बारीक नायलॉनची जाळी. पहिले पंचवीस-तीस दिवस पांढरी माशी रोपाला शिवली नाही तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. दाट पेरलेल्या आणि सतत ओल्या ठेवलेल्या वाफ्यात मात्र रोपं बुडाशी कुजून कोलमडतात, आणि घरी बी टाकणाऱ्यांचं नुकसान याच टप्प्यावर सगळ्यात जास्त होतं.

पाणी हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. प्रवरेकाठची काळी, भारी जमीन पाणी धरून ठेवते. त्यात मोरीचं पाणी रोज एकाच आळ्यात सोडलं की मुळं गुदमरतात आणि मर घर करते. उलट कुंडीतल्या झाडाला दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भडाभडा पाणी घातलं की फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. तो रोग नव्हे. पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, एवढंच. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. रोज सकाळी, बुडाशी आणि सारखं पाणी द्यावं, पानं भिजवू नयेत. खालची वीतभर पानं काढून टाकून बुडाशी उसाचं पाचट अंथरलं तर ओल टिकते आणि मातीचे शिंतोडे पानावर उडत नाहीत. ज्या परिसरात पाचट बांधाबांधावर पडलेलं आहे, तिथे करप्यावर याहून स्वस्त उपाय नाही.

वाणांच्या बाबतीत कोल्हारचं भाग्य असं की महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेजारच्याच राहुरी तालुक्यात आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं टोमॅटोचे धनश्री आणि भाग्यश्री हे वाण दिले. बंगळूरच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा म्हणून देशभर गाजला. अशा वाणांतली बोकड्याविरुद्धची ताकद आली ती टोमॅटोच्या रानटी भावंडांकडून. दक्षिण अमेरिकेतल्या त्या जंगली जातींची फळं खाण्यासारखी नसतात, पण त्यांच्या जनुकांवर आजची बरीच टोमॅटोशेती उभी आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखून परसबागेला पुन्हा मान मिळवून दिला आणि त्यांना पद्मश्रीनं गौरवण्यात आलं. त्यांच्या कामानं जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत बी राखण्याची सवय परत आली, ही मोठी गोष्ट आहे. तरी एक सांगायला हवं : बी गावरान आहे एवढ्यानं टोमॅटो विषाणूतून सुटत नाही. टिकलेल्या, निरोगी झाडाचंच बी धरलं आणि तसं वर्षानुवर्षं केलं, तर त्या बियात जागेची ताकद उतरते. रोगट झाडाचं उरलंसुरलं फळ बियाण्याला ठेवणं हा उलटा प्रवास आहे. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची पिढी सारखी निघत नाही, हेही आलंच.

औषधांकडे वळल्यावर लिहिणाऱ्याचा हात थोडा थांबतो, कारण दारातला टोमॅटो बहुतेक वेळा तोडून तासाभरात कोशिंबिरीत पडतो. शेतात फवारणी आणि तोडणी यांत दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलेलं असतं. घरी ते पाळलं जात नाही. शेतातली उरलेली बाटली आणून ‘झाकणभर’ मारण्याची जी रीत आहे, ती थांबायला हवी. विषाणूवर तर कोणतंच औषध नाही. करप्यासाठी बोर्डो मिश्रण आजही भरवशाचं आहे. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षांवर ते रूढ झालं आणि नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला ते तोंडपाठ आहे. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करायचे. लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. माशी आणि माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेली, आणि पिवळे चिकट सापळे. ताक आणि दूध फवारण्याचा सल्ला अनेक जण देतात. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पातळ केलेल्या दुधानं भोपळावर्गीय पिकावरची भुरी आटोक्यात आली होती, पण त्यावरून ताकानं बोकड्या बरा होतो असं ठरत नाही.

एक सवय मात्र आजच सोडण्यासारखी आहे. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि हातावाटे टोमॅटोला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘विषाणू’ ही कल्पनाच मुळी याच तंबाखूच्या रोगाच्या अभ्यासातून पुढे आली. तंबाखू मळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या हातानं रोपं लावणं, शेंडे खुडणं, झाडं बांधणं टाळावं. साबणानं हात धुणं पुरतं.

जागाच दूषित झाली असेल तर एप्रिल-मेचं ऊन कामाला येतं. वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीनं बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. इस्रायलमध्ये १९७० च्या दशकात शास्त्रीय पायावर उभी राहिलेली ही पद्धत आपल्या उन्हाळ्यासाठीच जणू बेतलेली आहे. त्यानंतर शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा बुरशी घातली की मातीत रोगाच्या बुरशीला जागा कमी राहते.

आणि शेवटी ते उपटलेलं झाड. करप्याचा पाला उकिरड्यावर गेला की पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तोच वाफ्यात परत येतो. बोकड्याचं झाड नुसतं उपटून ठेवलं तर त्यावरच्या माश्या उठून शेजारच्या झाडावर बसतात. आधी त्यावर निंबोळी अर्क मारावा, मग पिशवी चढवून मुळासकट काढावं आणि खोल पुरावं. हे ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी व्हायला हवं.

कोल्हारहून बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र काही किलोमीटरवर आहे. तिथला सल्ला एकरवाल्यांसाठीच असतो, चार कुंड्यांसाठी कोण विचारणार, असा संकोच घराघरांत आहे. तो सोडावा. पुढच्या वेळी टोमॅटोनं मान टाकली तर एक झाड मुळासकट, बुडाच्या मूठभर मातीसह काढून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतं आणि मग काहीच कळत नाही. आधी काय फवारलं होतं, पाणी कसं देत होतो आणि त्या जागी गेल्या वर्षी काय होतं, हे एका चिठ्ठीवर लिहावं आणि त्याच दिवशी नेऊन दाखवावं.